आधी सावली, मग इमारत: नगरपरिषदेच्या नव्या कार्यालयाबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे: आमच्या नगरपरिषदेची नवी प्रशासकीय इमारत जुन्या कचेरीच्याच आवारात होणार आहे. जागा अडीच एकर, आत बरीच जुनी झाडं. सल्लागारांनी सादरीकरणात चार मजली, निळ्या काचेची इमारत दाखवली. समोर लॉन, मधोमध कारंजं, दर्शनी बाजूला चार मजले उंच हिरवी भिंत. दक्षिण कोरियातल्या "सोलच्या सिटी हॉलच्या धर्तीवर" असं ते म्हणाले. पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय येणार आहे. मी नगरसेविका आहे, बांधकामातलं फारसं कळत नाही. इमारत हिरवी आणि लोकांना खुली असावी एवढं मात्र वाटतं. मी सभेत नेमकं काय विचारू?

ताई, बांधकामातलं कळत नाही हे मनाला लावून घेऊ नका. सरकारी इमारतींची कामं करत मला सत्तावीस वर्षं झाली, आणि या विषयातली सगळ्यात उपयोगी गोष्ट मला कुठल्याही बांधकामाच्या पुस्तकात सापडली नाही. ती एका तालुक्याच्या गावी, नगरपरिषदेच्या घरपट्टीच्या खिडकीसमोर दिसली.

मार्च संपत आला होता. सवलतीची मुदत जवळ आल्यामुळे गर्दी होती. खिडकीपासून फाटकापर्यंत रांग होती, पण रांगेत माणसं नव्हती, चपला होत्या. एका चपलेत घरपट्टीचं बिल दगडाखाली दाबलेलं, एकीवर पाण्याची बाटली, एका जागी नुसतीच वीट. माणसं पंधरा पावलांवरच्या कडुनिंबाखाली बसलेली. आतून नाव पुकारलं की एक जण उठायचा, तापलेल्या फरशीवरून अनवाणी धावत जायचा आणि चप्पल घालून खिडकीत हात घालायचा. दुपारी सावली सरकली तशी माणसंही सरकली. अडीचच्या सुमारास सावली दुचाकींच्या स्टँडवर गेली, तेव्हा लोक दुसऱ्यांच्या गाड्यांच्या सीटवर जाऊन बसले. माझ्या हातात त्याच आवाराचा नवा आराखडा होता. त्या कडुनिंबाच्या जागी मी दगडी फरसबंदीचा चौक काढला होता आणि त्याला 'नागरिक चौक' असं नावही दिलं होतं.

तो कागद मी बदलला. तेव्हापासून कुठल्याही कचेरीचं काम आलं की पहिला नकाशा सावलीचा काढतो. सकाळी दहा, दुपारी एक आणि चार वाजता कुठे सावली असते आणि त्या वेळी माणसं कुठे बसलेली असतात, एवढंच त्यात असतं. सभेत पहिला प्रश्न हाच विचारा: सावलीचा नकाशा कुठे आहे? चार मजल्यांचं थ्रीडी चित्र करायला वेळ मिळाला असेल, तर यालाही मिळायला हवा.

आता सोलबद्दल, कारण ते नाव घेतलं की सभागृह गप्प होतं.

सोलचा नवा सिटी हॉल 2012 मध्ये पूर्ण झाला. यू कोल या वास्तुरचनाकाराने तो केला. पारंपरिक कोरियन घराच्या पुढे आलेल्या वळचणीची कल्पना त्यामागे आहे. काचेची एक मोठी लाट जुन्या इमारतीच्या डोक्यावर झुकल्यासारखी दिसते. आत सात मजले उंच हिरवी भिंत आहे, सुमारे 1,516 चौरस मीटरची. जगातलं सर्वांत मोठं उभं उद्यान म्हणून तिची गिनीज नोंदही झाली. सल्लागारांच्या चित्रात नेमकी निसटलेली गोष्ट ही, की ती भिंत इमारतीच्या आत आहे. बाहेर काच, आत झाडं. सोलमध्ये हिवाळ्यात पारा शून्याखाली दहा अंशांपर्यंत जातो. तिथे काचेतून आलेलं ऊन हवंहवंसं असतं आणि आतली हिरवळ थंडीपासून वाचते. आपल्याकडे तीच काच एप्रिलमध्ये इमारतीचा पापड भाजते. मग एसी, मग विजेचं बिल, मग बिल परवडत नाही म्हणून एसी बंद, आणि काचेला खिडक्या नाहीत म्हणून कर्मचारी व्हरांड्यात. आणि व्हरांडा असतोच असंही नाही. खुद्द सोलमध्येही ही इमारत सगळ्यांना आवडली नाही. 2013 मध्ये तिथल्या डोंग-ए इल्बो या वृत्तपत्राने आणि स्पेस या वास्तुकलेच्या मासिकाने शंभर तज्ज्ञांचं मत घेतलं, तेव्हा देशातल्या सर्वांत वाईट आधुनिक वास्तूंत या इमारतीचा पहिला नंबर आला.

तरीही सोलकडून शिकावं, पण भिंत सोडून दुसरं. इमारतीसमोर आज जे सोल प्लाझा म्हणतात ते पूर्वी वाहनांचं चक्र होतं. मधे कारंजं, भोवती गाड्या. 2002 च्या फुटबॉल विश्वचषकात लाखो लोक तिथे रस्त्यावर जमले आणि जागेचा खरा उपयोग काय ते गावालाच दिसलं. 1 मे 2004 रोजी तिथे गाड्या बंद होऊन लंबवर्तुळाकार हिरवळ खुली झाली. हिवाळ्यात तिथेच बर्फावरच्या स्केटिंगचं मैदान होतं. 1926 ची जुनी कचेरी पाडली नाही, तिचं 2012 मध्ये सार्वजनिक ग्रंथालय केलं. नव्या इमारतीच्या तळघरात 2013 पासून नागरिकांसाठी मोठी जागा आहे. तिथे पाया खणताना सापडलेले जुन्या शस्त्रागाराचे अवशेषही जागच्या जागी ठेवलेत. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट फोटोत दिसतच नाही: 2010 मध्ये तिथल्या महानगर परिषदेने नियम बदलून, मैदानावर कार्यक्रम किंवा सभा घ्यायला परवानगीऐवजी पूर्वसूचना पुरेशी केली. म्हणजे हिरव्या भिंतीच्या कितीतरी आधी गाड्या हटल्या होत्या आणि नियम बदलला होता. सल्लागारांना विचारा, सोलच्या धर्तीवर यातलं काय काय घेतलं?

आता आपल्या उन्हाकडे येऊ, कारण यात एक गंमत आहे. आपण कर्कवृत्ताच्या खाली राहतो. मे महिन्यात एक दिवस असा येतो की भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि खांबाची सावली पडत नाही. शाळेची मुलं काठी रोवून हा शून्य सावलीचा दिवस बघतात. पुण्यात तो 13-14 मेच्या सुमारास येतो, तुमच्याकडे दोन-चार दिवस इकडेतिकडे. म्हणजे उन्हाळ्याच्या ऐन कडाक्यात, दुपारी, इमारत कितीही उंच बांधा, तिच्या भिंतीची सावली अंगणात पडणार नाही. चार मजल्यांनी सावली मिळते हा गैरसमज. त्या वेळी फक्त डोक्यावरचं काहीतरी कामाला येतं: झाडाचा घेर, पडवीचं छप्पर, मांडव. दुपारी चारनंतर उलट होतं, ऊन पश्चिमेकडून तिरकं येतं आणि छज्जाखालून थेट आत घुसतं. तिथे छज्जा उपयोगाचा नाही. उभ्या झडपा, जाळी किंवा झाडांची रांग लागते. म्हणून पश्चिमेला जिने, स्वच्छतागृहं आणि अभिलेखांची खोली ठेवावी. माणसांच्या खोल्या उत्तरेला आणि दक्षिणेला. हे सांगायला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही, पण चित्रात इमारतीचं तोंड रस्त्याकडे असायला हवं म्हणून हे हमखास मोडलं जातं.

हिरव्या भिंतीबद्दल माझाच अनुभव सांगतो. एका शहराच्या विभागीय कार्यालयाला मी अशी भिंत केली. हौसेने केली, खोटं कशाला बोलू. सुमारे नव्वद चौरस मीटर, दोन मजले, काळ्या प्लॅस्टिकच्या कप्प्यांत रोपं आणि ठिबक. उद्घाटनाला झकास दिसली. पाणी बोअरचं, जड. वर्षभरात ठिबकची तोंडं क्षारांनी बुजायला लागली. देखभालीचा करार 31 मार्चला संपला आणि नूतनीकरणाची फाइल टेबलावरून टेबलावर फिरत राहिली. एप्रिलच्या एका शुक्रवारी पंप बंद पडला, पुढे सुट्ट्या आल्या. मंगळवारी कार्यालय उघडलं तेव्हा भिंत तपकिरी होती. जमिनीतलं झाड चार दिवस पाण्याविना राहतं, मुठीएवढ्या मातीतलं रोप राहत नाही. आता त्या लोखंडी सांगाड्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स लागतात. त्यासाठी सांगाडा मजबूत आहे, हे खरं.

हिरवाई उभी हवीच असेल तर वेल जमिनीत लावा. मधुमालती, संक्रांतवेल, गारवेल. तारेच्या जाळीवर चढवा. दोन पावसाळ्यांत दुसऱ्या मजल्याला पोचतात आणि पंप बंद पडला म्हणून मरत नाहीत.

लॉनचा हिशेब तर सभेत पाटीवर मांडण्यासारखा आहे. उन्हाळ्यात लॉनला दर चौरस मीटरला रोज साधारण पाच लिटर पाणी लागतं. चित्रातलं लॉन दोन हजार चौरस मीटरचं धरलं तर रोजचे दहा हजार लिटर. शहरी पाणीपुरवठ्याचं प्रमाण दरडोई 135 लिटर. म्हणजे चौऱ्याहत्तर माणसांचं पाणी. 'पावसाचं पाणी साठवू' असं उत्तर येईल. तेही करून बघू. छप्पर चौदाशे चौरस मीटर, पाऊस तुमच्या भागात 600 मिलिमीटर, गळती-बाष्पीभवन वजा जाता ऐंशी टक्के हाती लागतं असं धरू. होतात 6 लाख 72 हजार लिटर. वर्षभर छपरावर पडलेला सगळा पाऊस हे लॉन सदुसष्ट दिवसांत पिऊन टाकेल. शिवाय त्यावर 'हिरवळीवर चालू नये' अशी पाटी लागणार, ते वेगळंच. लोकांनी जिथे बसायचं नाही ती जागा खुली कशी?

त्याऐवजी झाडांखाली मुरमाची किंवा मातीची चोपलेली जमीन ठेवा, पाणी मुरेल अशी. जुनी झाडं आहेत म्हणता, तर तुमच्या निम्म्या कामाचे पैसे आधीच भरलेले आहेत. वाढलेल्या कडुनिंबाच्या घेराचा व्यास दहा-बारा मीटर असतो, म्हणजे एका झाडाखाली ऐंशी ते एकशेदहा चौरस मीटर सावली. अशी वीस झाडं असतील तर जवळपास दोन हजार चौरस मीटरचं छप्पर फुकट उभं आहे. ते पाडून नवी रोपं लावायची आणि दहा वर्षं वाट बघायची, याला हिरवी इमारत म्हणणं मला जड जातं. कायदाही बाजूने आहे. 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षांवरची झाडं 'हेरिटेज ट्री' म्हणून वेगळी धरली जातात. पण कायद्यापेक्षा साधी गोष्ट मोजणीची आहे. मोजणीच्या नकाशावर प्रत्येक झाडाची जात, बुंध्याचा घेर आणि फांद्यांचा पसारा यायला हवा. बहुतेक नकाशांत झाडाच्या जागी एक टिंब असतं, आणि टिंब खोडरबरने जातं.

आणखी एक चूक सगळीकडे दिसते. झाड वाचवतात आणि बुंध्याला चिकटवून पेव्हर ब्लॉक बसवतात. मुळांना ना हवा ना पाणी. बुंध्याभोवती किमान मीटरभर, जमलं तर दोन मीटर जमीन मोकळी ठेवा आणि त्याबाहेर बसण्याएवढा उंच पार बांधा, दीड फुटाचा. आपल्या गावांना पार नवा नाही. चावडी आणि पार शेजारी शेजारी असायचे. चावडीत कारभार चालायचा, त्यावरची टीका पारावर. नव्या इमारतीत दोन्ही हवेत. (नवीन झाडं लावताना कडुनिंब, करंज, बहावा, ताम्हण, वड-पिंपळ कुंपणाकडेला. गुलमोहर गर्दीच्या जागी नको, वादळात फांद्या मोडतात. सप्तपर्णी ऑक्टोबरमध्ये फुलांच्या उग्र वासामुळे खिडकीपाशी नकोशी होते. आणि कोनोकार्पस हे परदेशी झाड कोणी सुचवलं तर विषयच बंद करा.)

इमारत किती मोठी हवी? चार मजले कुठून आले ते विचारा. तुमच्या आकाराच्या नगरपरिषदेत दीडशेच्या आसपास कर्मचारी असतील. माणशी दहा चौरस मीटर धरून पंधराशे. सभागृह, नागरी सुविधा केंद्र, अभिलेख, ये-जा, जिने धरून चार हजार चौरस मीटरच्या आसपास भागावं. तळमजला अधिक दोन, म्हणजे जमिनीवर चौदाशेचा ठसा. अडीच एकर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. वाहनतळाचे दोन हजार वजा केले तरी साडेसहा हजारांवर जागा मोकळी राहते. चौथा मजला फक्त उंचीसाठी आहे. लिफ्ट बंद पडली की म्हातारी माणसं तिथे पोचत नाहीत.

हे सगळं भारीभक्कम न करता कसं होतं याचा माझा आवडता नमुना फिनलंडमधल्या सायनात्सालो या छोट्या गावाचा आहे. आल्वार आल्टो या वास्तुरचनाकाराने 1949 ची स्पर्धा जिंकून 1952 मध्ये तिथला टाउन हॉल पूर्ण केला. तेव्हा गावाची वस्ती जेमतेम तीन हजारांची. विटांची साधी इमारत, मधे चौक. पाया खणताना निघालेली माती वाहून नेण्याऐवजी चौकात भरली, त्यामुळे चौक एक मजला वर उचलला गेला आणि एका बाजूने गवताच्या पायऱ्या चढून तिथे जाता येतं. त्याच इमारतीत ग्रंथालय होतं, रस्त्याकडे दुकानं होती, राहायची घरं होती. म्हणजे कचेरीत काम नसलेला माणूसही रोज तिथे यायचा. 1993 मध्ये ती नगरपालिका शेजारच्या युवास्कुला शहरात विलीन झाली, कारभार गेला, तरी वास्तू लोक अजून बघायला जातात. तिकडचं गवत इकडे आणू नका, थंडी-पावसाचा देश आहे तो. पण चौक आपल्या वाड्यांनाही ठाऊक आहे: देवडीतून आत, भोवती ओसरी, वर आकाश. अशा चौकाकडे उघडणाऱ्या खिडक्यांतून वारा खेळता राहतो आणि कुठलं टेबल कुठे आहे ते माणसाला उभ्या उभ्या दिसतं. कचेरीत नवख्या माणसाला सगळ्यात जास्त भीती असते ती कुठे जायचं हे न कळण्याची.

जोतं उंच करू नका. आपल्याकडे सरकारी इमारत म्हणजे रुबाबासाठी चार फूट जोतं आणि समोर भव्य पायऱ्या. दिव्यांगांच्या 2016 च्या कायद्यानंतर उतार टाळता येत नाही, आणि उताराचं प्रमाण एकास बारा. 1.2 मीटर जोत्याला साडेचौदा मीटर लांब उतार लागतो, मधले टप्पे वेगळे. तो कुठेतरी मागच्या बाजूला कचऱ्याच्या डब्यांशेजारी जातो. जोतं दीड फूट ठेवा, उतार साडेपाच मीटरचा होईल आणि मुख्य दारातूनच घेता येईल. अट एकच, आवारातलं पावसाचं पाणी कुठे तुंबतं ते एका पावसाळ्यात डोळ्यांनी पाहिलेलं असावं. अमेरिकेत बोस्टनचा सिटी हॉल 1960 च्या दशकात बांधला, तेव्हा त्याच्यासमोर विटांचं विस्तीर्ण, उघडंबोडकं, पायऱ्यापायऱ्यांचं मैदान केलं. उन्हाळ्यात तापायचं, हिवाळ्यात वारा बोचायचा. पन्नास वर्षं लोक नावं ठेवत राहिले. शेवटी 2022 मध्ये नव्याने खुलं केलं: शंभरावर झाडं, बसायला भरपूर जागा, मुलांना खेळायची सोय आणि मैदानातून पायऱ्यांविना उतरत जाणारी वाट. पहिल्यांदाच केलं असतं तर स्वस्तात झालं असतं.

आता 'खुली' या शब्दाकडे. हिरवी असून बंद असलेल्या इमारती पुष्कळ आहेत. शिकागोच्या सिटी हॉलच्या गच्चीवर 2001 मध्ये वीस हजार चौरस फुटांची बाग झाली. जगभर गाजली, पण सामान्य माणूस तिथे जाऊ शकत नाही. शेजारच्या उंच इमारतींतून बघायची. दिल्लीचं इंदिरा पर्यावरण भवन ऊर्जेच्या हिशेबात देशातलं अग्रगण्य काम: 930 किलोवॉटचं सौर संयंत्र, मधे मोठा चौक, आत खेळता वारा. पण ते मंत्रालय आहे, फाटकावर पास लागतो. त्याउलट टोरंटोच्या सिटी हॉलच्या पायथ्याचं छप्पर 2010 मध्ये बाग करून खुलं केलं, खालच्या चौकातून उताराने थेट वर चालत जाता येतं. झाडं तिन्हीकडे आहेत, फरक जिन्याचा आणि कुलपाचा आहे.

तेव्हा नकाशावर मी एक लाल रेघ मारायला लावतो: संध्याकाळी सहाला कुलूप कुठे लागणार? रेघेच्या आत टेबलं, फायली, रोकड. बाहेर काय राहतं ते मोजा. सभागृहाला रस्त्याकडून वेगळं दार हवं, म्हणजे महिन्यातून एक सभा सोडली तर उरलेले दिवस तिथे व्याख्यान, बचत गटांच्या बैठका, शाळेचं नाटक होऊ शकतं. अभ्यासिका तळमजल्यावर घ्या आणि रात्री दहापर्यंत चालवा. स्पर्धा परीक्षेची मुलं तुमच्या गावातही असणार, आणि रात्री आवारात दिवे व माणसं असली की वेगळा पहारा फारसा लागत नाही. स्वच्छतागृहं बाहेरून उघडणारी करा, बाजाराच्या दिवशी आलेल्या बाईला 'काय काम आहे' असं कोणी विचारता कामा नये. ही एक सोय केली तरी आवार बायकांसाठी खुलं झालं असं मी समजतो, बाकी सगळं त्यानंतर. सुरक्षेची तपासणी फाटकावर नको, कर्मचाऱ्यांच्या जिन्याच्या तोंडाशी ठेवा. मुंबई महापालिकेचं 1893 चं मुख्यालय, इतकी बंदोबस्ताची जागा, तिथेही 2021 मध्ये सुट्टीच्या दिवशी सामान्य लोकांना वारसा फेरीने आत न्यायला सुरुवात झाली. तुमच्या गावाला त्याहून जास्त धोका नाही.

खिडक्यांपुढे तीन मीटर रुंद पडवी काढा: बसायला ओटा, रांग आणि ये-जा तिन्ही मावतात, आणि तिरक्या पावसात कागद भिजत नाहीत. घरपट्टी, पाणीपट्टी, जन्म-मृत्यूचे दाखले, बांधकाम परवानगीची आवक, सगळं याच पडवीवर. ज्याचं काम खिडकीवर होतं त्याला आत जायची गरजच पडू नये. चहाची टपरी, झेरॉक्स आणि अर्ज लिहून देणारे यांनाही आराखड्यात जागा द्या. ते येणारच आहेत. जागा दिली नाही तर उतारावर बसतील.

दुचाकी हा खरा शत्रू. मोकळी जागा दिसली की तीन महिन्यांत तिचा स्टँड होतो. उपाय पाटीचा नाही, उपाय दीड फुटी ओट्याचा आणि झाडांच्या रांगेचा, म्हणजे चाक वर चढतच नाही. अडीचशे दुचाकींना साडेसातशे चौरस मीटर एका कडेला द्या आणि त्यावर सौर पॅनेलचं छप्पर घाला. साधारण दहा चौरस मीटरला एक किलोवॉट, म्हणजे सहाशे मीटरवर साठ किलोवॉट, रोजची दोनशे चाळीसच्या आसपास युनिटं. गाड्यांनाही सावली, आणि विजेच्या बिलावर उतारा.

इमारत आतून थंड ठेवण्याबद्दल थोडक्यात सांगतो. मेलबर्न महापालिकेने 2006 मध्ये काउन्सिल हाउस-2 नावाची दहा मजली कचेरी बांधली. रात्री तिच्या खिडक्या आपोआप उघडतात, गार हवा काँक्रीटच्या छताला थंड करते आणि दिवसभर ते छत खालच्यांना गारवा देतं. पश्चिमेला जुन्या लाकडाच्या झडपा उन्हाप्रमाणे फिरतात. रात्रीच्या हवेची ही युक्ती घाटमाथ्यावर, दख्खनच्या पठारावर चांगली चालते, कारण उन्हाळ्यातही आपल्या रात्री दिवसापेक्षा बऱ्याच उतरतात. कोकणात चालत नाही. तिथली रात्रही दमट आणि ऊबदार, तिथे नुसता आरपार वारा आणि पंखे. तुमचं गाव पठारावरचं, म्हणून वरच्या झडपांना जाळी-गज लावून रात्री उघड्या ठेवता येतील अशी रचना मागा. यंत्रं नकोत, हाताने ओढायची दांडी पुरे.

शेवटी निविदा, कारण चित्रातलं सगळं तिथे गळतं. झाडं 'नग' म्हणून मोजली जातात आणि लावल्या दिवशी पैसे दिले जातात. त्याऐवजी निम्मी रक्कम तिसऱ्या पावसाळ्यानंतर, जगलेल्या झाडांच्या मोजणीवर द्यायची अट घाला. पाच वर्षांची देखभाल मूळ कामातच धरा, वेगळ्या फाइलवर सोडू नका. माझ्या भिंतीचं काय झालं ते वाचलंत. जुन्या झाडांभोवती काम सुरू होण्याआधी पत्र्याचं कुंपण हवं. नाहीतर ठेकेदाराचा सिमेंट मिक्सर नेमका त्यांच्याच सावलीत लागतो, आणि त्याला दोष तरी कसा द्यायचा, त्यालाही सावलीच हवी असते.

चित्रात कारंजंही आहे. पंपाच्या दुरुस्तीचं शीर्ष अंदाजपत्रकात कुठे आहे ते बघा. नसेल तर तेवढ्याच पैशात पडवीच्या टोकाला रांजणांची पाणपोई आणि हात-पाय धुवायला नळ होतील. सांडणारं पाणी जवळच्या झाडाला जाईल.

ठरावाला सरळ विरोध करू नका, 'सावलीचा नकाशा आणि झाडांच्या मोजणीसह आराखडा फेरसादर करावा' एवढी उपसूचना द्या. मे संपायच्या आत मोजणी झाली तर बरं. झाडांची यादी आली की मला पाठवा. चौक कुठे बसवायचा हे त्याशिवाय सांगता येणार नाही.